सतरा नंबरची बाटली

३ फेब्रुवारी, सोमवार

लागलो बुवा एकदाचा नोकरीला! नव्या वहीचं पहिलं पान आहे म्हणून अक्षर जरा बरं काढतोय. उद्यापासून नेहमीचे कोंबडीचे पाय.

विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली, असं फोनवर सांगितलं तेव्हा बाबांनी आधी विद्यापीठाचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग त्यांनी विचारलं, की ज्या पोराने दुसऱ्या वर्षाला प्राध्यापकाच्या अंगावर डस्टर भिरकावून कॉलेज सोडलं, त्याला विद्यापीठ आत घेतंच कसं. मी म्हटलं, मागच्या दाराने. खरं सांगायचं तर जागा 'संशोधन साहाय्यक, तात्पुरता' अशी आहे. पेशींना खाऊ घालायचं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, मोजायचं, लिहायचं. पण हुद्द्यात 'संशोधन' आहे, तेवढं मला पुरतं.

आणि ती तिथे आहे. मग पुरतं कसलं, उतूच जातं.

सगळे तिला मुंगी म्हणतात. लहानखुरी आहे आणि सारखी काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते, म्हणून. कॉलेजात माझ्या दोन वर्षं पुढे होती. मी बाहेर पडलो, ती शिकत गेली, आता इथे पीएचडी करते. माझं नाव इथल्या प्रमुख मॅडमच्या कानावर तिनेच घातलं. का घातलं, यावर मी आठ दिवस विचार करतोय. मित्राच्या मते दया आली असेल. मित्राला काय कळतं.

प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर. लांबट खोली, मधोमध पांढरं टेबल, एका भिंतीला दोन उबदार कपाटं. कपाटांत माणसाच्या अंगाएवढी ऊब सतत राखलेली असते. मॅडम छप्पन्न वर्षांच्या, आवाज कधी चढत नाही, त्यामुळे जास्त भीती वाटते. त्यांनी पहिल्याच दिवशी हातात जाड वही ठेवली आणि बजावलं, की केलेलं प्रत्येक काम त्याच दिवशी लिहायचं. जे वहीत नाही ते इथे घडलेलंच नाही. म्हणून मी येताना दुसरी वही घेतली. ही. जे तिथे घडलेलं नाही ते इथे लिहायला.

चौथे काचमामा. तीस वर्षं इथली काच धुताहेत. मी शिक्षण अर्धवट सोडलंय हे त्यांना दहा मिनिटांत कळलं आणि अकराव्या मिनिटाला त्यांनी मला 'अर्धे डॉक्टर' अशी हाक मारली. मुंगी हसली, म्हणून मीही हसलो.

एकच वाईट. खिडकीतून रस्त्यापलीकडचं हॉस्पिटल दिसतं. तिसरा मजला बरोबर समोर येतो. मी खुर्ची फिरवून पाठ केली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज मुंगीने मला विषय समजावला, पहिलीतल्या पोराला समजावतात तसा. प्रत्येक पेशीत शेकडो बारीक बारीक वीजघरं असतात, मायटोकॉन्ड्रिया. त्यांचा स्वतःचा छोटासा जनुकसंच असतो, आणि तो फक्त आईकडून येतो. तिला तिच्या आईकडून, तिच्या आईला आजीकडून. बापाचं तिथे काही चालत नाही. कॅन्सरच्या पेशींत ही वीजघरं बदललेली असतात, ती कशी बदलतात हे मॅडम शोधताहेत. मुंगीचं खास काम पुढचं आहे. ती सांगते, की पेशी बारीक नळी काढून शेजारच्या पेशीत घुसवते. कधी तिची वीजघरं ओढून घेते, कधी आपली तिच्यात सोडते. हे सांगताना तिने एक बोट माझ्या मनगटाला टेकवलं, नळी म्हणून.

त्यापुढचं मला काही ऐकू आलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पिपेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची नळी, धरायला जमलं. हात कापत नाही. मुंगीने 'बरा आहेस की' म्हटलं, ते मी दिवसभर चघळत होतो.

एका माणसाच्या गाठीपासून वाढवत नेलेल्या पेशींना इथे 'लाइन' म्हणतात. अशा अकरा लाइन आहेत. नावं नाहीत, नंबर. बाकीच्या चपट्या प्लास्टिकच्या बाटल्यांत. सतरा नंबर मात्र मोठ्या काचेच्या बाटलीत, कारण ती भसाभसा वाढते. गुलाबी पाणी हे त्यांचं खाणं. सतरा नंबर ते दोन दिवसांत फस्त करते. काचमामा तिला 'खादाड बाई' म्हणतात.

नियम तीन. एका वेळी टेबलावर एकच लाइन. प्रत्येक लाइनचं खाणं वेगळ्या बाटलीतून. आणि स्वतःच्या अंगातलं काही इथे कधीही वाढवायचं नाही. तिसऱ्याचं कारण मी विचारलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, की परक्या पेशी शरीर हाकलून लावतं. आपल्याच बिघडून परत आल्या, तर त्यांना दार उघडं असतं.

मग चौघांच्या गालांच्या आतून कापूस फिरवून नमुने घेतले. कुणाची थुंकी-कातडी चुकून बाटलीत गेली तर ओळखता यावी, म्हणून. भिंतीवर तक्ता लागणार आहे, चार रकान्यांचा. माझा मुंगीच्या शेजारी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हे फक्त इथे.

सकाळी सतरा नंबरला खाऊ घालून झालं, पुढची लाइन घ्यायची होती. तेवढ्यात मुंगीने दारातून डोकं घालून विचारलं, की चहाला येतोस का, आपण दोघंच. दोघंच! मी तेच पिपेट, तेच खाणं उचललं आणि राहिलेल्या दहाही लाइनना फटाफट वाटून टाकलं. पाच मिनिटांत खाली. मॅडमच्या वहीत लिहिलं, 'सर्व नियमाप्रमाणे'.

चहा पिताना लक्षात आलं. पण सांगितलं तर मला काढतील, आणि मग मी आणि मुंगी कुठे? काय होणार आहे चार थेंबांनी.

४ मार्च, मंगळवार

नीट लिहितो.

मॅडमने सकाळी बोलावून विचारलं, की मी सतरा नंबरच्या बाटलीत शिंकलो का. कारण तिची वीजघरं आणि माझ्या गालातली वीजघरं, अक्षरन् अक्षर एक. मी तडकलो. मुंगीने मध्ये पडून जुनी गोठवलेली कुपी काढली, मी इथे यायच्या साडेतीन वर्षं आधीची. तपासली. तीही तीच.

मग मुंगी मला जिन्यात घेऊन गेली. तिने हळूच विचारलं, की माझी आई कुठे वारली.

मी जिन्याच्या खिडकीतून समोरच्या हॉस्पिटलकडे बोट केलं.

संध्याकाळी बाबांना फोन केला. त्यांना आठवलं, ऑपरेशनच्या आधी एका कागदावर सही घेतली होती, गाठीचा तुकडा शिकायला द्यायचा म्हणून. त्यांनी वाचला नव्हता. त्यांना वाटलं, तो तुकडा कधीच फेकून दिला असेल.

नाही फेकला, बाबा. काचमामांचा हिशोब आहे, की आजवर जेवढी खादाड बाई या खोलीत वाढली, तेवढी एकत्र केली तर वीस-पंचवीस माणसांच्या वजनाची भरेल.

१० मार्च, सोमवार

मी रोज लवकर जातो. कुणी नसतं. बाटली उजेडात धरली की तळाशी धुकं दिसतं. ते हलतं.

आईला मी चहा नेऊन द्यायचो. निवलेला असला तरी ती दोनदा फुंकर मारायची, मग प्यायची. मी चिडलो की तिखट्या म्हणायची, पण फक्त आम्ही दोघं असताना. बाबांनाही ते नाव ठाऊक नाही.

शेवटच्या दुपारी ती सारखं एकच म्हणत होती. मला जगायचंय रे. मी तीन रात्री झोपलो नव्हतो. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, मग जग ना, कोणी अडवलंय तुला! दार आपटून खाली गेलो. परत वर आलो तेव्हा पलंगावरची चादर बदलत होते.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आज बाटलीला सांगितलं. आणि म्हटलं, जग. या वेळी न ओरडता.

१९ मार्च, बुधवार

सगळं संपलं, आणि माझ्यामुळे.

अकराही लाइन सतरा नंबर झाल्या आहेत. मुंगीने एकेक तपासली. ज्या दहांना मी चार थेंब दिले, त्या दहांतही आता फक्त सतरा नंबर आहे. बाकीच्यांचं नाव नाही. मुंगीचं चार वर्षांचं काम. ती रडली नाही, स्टुलावर बसून चिठ्ठ्यांचे रंग मोजत राहिली. मॅडमने ठरवलं, की सगळं ब्लीचमध्ये ओतायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

मी सतरा नंबरची बाटली उराशी धरून उभा राहिलो. मुंगी जवळ आली. मऊ आवाजात म्हणाली, की दे इकडे. ही तुझी आई नाही रे, तुझ्या आईला जिने खाल्लं ती ही.

मला कळलं होतं की ती खरं बोलतेय. म्हणूनच माझा हात उठला.

बाटली तिच्या पायाशी फुटली. एक काच उडून तिच्या मनगटात गेली, तिने एकदा माझ्या मनगटाला जिथे बोट टेकवलं होतं, बरोबर त्याच जागी. मॅडमने धावत येऊन ओल्या हातांनी पट्टी बांधली, काचा त्यांच्याही बोटांत गेल्या. काचमामांनी बाकीची काच उघड्या हातांनी वेचली, तीस वर्षांच्या सवयीने, आणि तळवा कापून घेतला.

मला ओरखडाही नाही.

मॅडमने सगळ्यांना धीर दिला. परक्या पेशी आहेत, शरीर हाकलून देईल. धोका असलाच तर फक्त याला होता, म्हणत माझ्याकडे बोट केलं. काचमामा म्हणाले, अर्धे डॉक्टर, तुमचा नेम चुकला आणि तुम्ही वाचलात. कुणी हसलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

मुंगीने पट्टी काढली. जखम नाही. खूणही नाही. दोन दिवसांत! मॅडमची बोटं तशीच, मामांचा तळवा तसाच. मी माफी मागायला गेलो तर मुंगीने ओठांवर बोट ठेवलं आणि माझी कॉलर सरळ केली.

२५ मार्च, मंगळवार

मला नोकरीवरून काढलं नाही. मॅडम त्या विषयावर बोलतच नाहीत. आणि मुंगी — लिहू की नको? लिहितो. मुंगीला मी आवडायला लागलोय. आज तिने विचारलं, जेवलास का. मी नाही म्हटलं तर स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिली. जाताना माझ्या केसांतून हात फिरवला. चार वर्षं! चार वर्षं मी या हाताची वाट पाहिली. रस्त्याने येताना मी अक्षरशः पळत होतो.

२८ मार्च, शुक्रवार

दुपारी मॅडमशी खटका उडाला, किरकोळ. मी आवाज चढवला. मागून मुंगी म्हणाली, की पुरे आता, तिखट्या.

मी वळलो. तिला विचारलं, काय म्हणालीस. ती म्हणाली, की तिने फक्त मला हाक मारली.

हे नाव मी तिला सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. फक्त या वहीत आहे, आणि वही माझ्या उशीखाली असते.

नंतर ती चहा घेऊन खिडकीशी उभी राहिली. चहा केव्हाचा निवला होता. तिने फुंकर मारली. एकदा. आणि मग पुन्हा एकदा.

२ एप्रिल, बुधवार

मीच हट्ट करून पुन्हा सगळ्यांच्या गालांचे नमुने घेतले. यंत्रातून कागद मीच काढला. चार रकाने. चारही सारखे. मॅडम, मुंगी, मामा, मी. एका आईची चार लेकरं.

कागद मॅडमपुढे ठेवला. मला वाटलं, त्या किंचाळतील. त्यांनी तो चष्मा न लावताच वाचला, घडी घातली, आणि म्हणाल्या, की छान झालं. मग चहाचा पेला उचलला. दोन फुंकरा.

दारात काचमामा उभे होते. त्यांनी मला अर्धे डॉक्टर म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, जेवलास का.

४ एप्रिल, शुक्रवार

कपाटं उघडली. रिकामी. पुसलेली. ब्लीचचा कॅन हातात घेऊन मी वेड्यासारखा उभा. काय मारणार होतो मी? तिला आता बाटली लागत नाही. माणसाच्या अंगाएवढी ऊब तिला —

७ एप्रिल, सोमवार

मुंगी हॉस्पिटलमध्ये. काखेत एक गाठ होती शुक्रवारी. आज सात. मानेला, पोटात. डॉक्टर म्हणतात, जे वाढायला दोन वर्षं लागतात ते पंधरा दिवसांत झालंय. आणि रक्ताचे आकडे पाहता ती आत्ता बोलत असायला नको.

तिसरा मजला. खिडकीतला पलंग. आईचा, तोच. मी नर्सला दुसरा द्या म्हणून विनवलं, तिने माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं.

खिडकीतून समोर आमची प्रयोगशाळा दिसते. मॅडम आणि मामा काचेला लागून उभे होते. हात हलवत. दोघंही डाव्या हाताने, जशी आई —

९ एप्रिल, बुधवार

आज दुपारी दहा मिनिटं ती मुंगी होती. खरी. तिने मला कॉलेजातल्या नावाने हाक मारली. घाईघाईत बोलली, कुणी दार लावायच्या आत निसटावं तशी. म्हणाली, की आत तिला जागा उरत नाहीये. रोज थोडी कमी होतेय. तिला तिच्या आईचा चेहरा आठवत नाही, पण मी जन्मलो ती पहाट आठवते, कळा आठवतात. म्हणाली, की मी अजून मी आहे तोवर काहीतरी कर. मला अशी जगवू नकोस.

आणि मी काय केलं? मी म्हटलं, माझं तुझ्यावर प्रेम आहे. चार वर्षं साठवलेलं, नेमकं तेव्हा. ती दहा मिनिटं मी त्यात घालवली.

तिचे डोळे भरून आले. मग थांबले. मग हात वर आला आणि माझ्या केसांतून फिरला.

जेवलास का —

१० एप्रिल

नळी काढायला गेलो होतो. श्वासाची. बोटं टोकापर्यंत नेली. ती टक लावून पाहत होती, अजिबात न घाबरता, जसं पोर काहीतरी सांडतंय आणि आपण सांडू द्यावं. नाही काढू शकलो. कुणाची काढणार होतो? मुंगीची की —

दोनदा आईला सोडून कसा जाऊ.

१२ एप्रिल

मॅडमला सगळं सांगितलं. चार थेंब, खोटी नोंद. त्यांनी माझे डोळे पदराने पुसले. त्या कधीही पदर — त्या तर पांढरा कोट घालतात. कोटाच्या टोकाने. म्हणाल्या, आईला माहीत होतं. तिने विचारलं होतं ना कोणी अडवलंय. कुणीच नाही.

मी म्हटलं, तिने नाही, मी विचारलं होतं. मॅडम हसल्या.

१३ एप्रिल

मुंगीचं हृदय सकाळी थांबलं. डॉक्टरांनी वेळ लिहिली.

ती उठून बसली. विचारलं, दार का आपटलंस तेव्हा.

डॉक्टर आणि नर्स, दोघांच्याही फाटलेल्या हातमोज्यांवर तिचं रक्त होतं. संध्याकाळी नर्स मला म्हणाली, किती वाळलास रे —

१४ एप्रिल

बाबांना फोन केला. येऊ नका म्हणालो. ते म्हणाले, कालच तिघं येऊन गेली, तुझ्या ऑफिसची माणसं, फार प्रेमळ. चहा पाजला. एकीने कप विसळताना फोडला, काच मलाही लागली, पण काही नाही, किरकोळ —

१५

खोलीचं दार आतून लावलंय. बाहेर आहेत. ढकलत नाहीत. वाट पाहताहेत. किती आहेत कळत नाही, पण फुंकर एकच ऐकू येते, सगळ्यांची मिळून. एकदा. पुन्हा एकदा. मुंगी त्यात कुठेतरी असेल. एक कण तरी. नसेल.

मी रोज स्वतःला तपासतोय. काप घेतला मुद्दाम, त्यांच्यातल्या एकाचं रक्त लावलं. काही होत नाही. जखम तशीच राहते, दुखते, पिकते. सगळी जातील आणि मी तेवढा उरेन, एकटा, माझा मी, आणि ती मला रोज —

आत्ता कळलं का होत नाही. परक्याचं घर बळकावावं लागतं. इथे ती पहिल्या दिवसापासूनच राहतेय, माझ्यात काही बदलायचं नाहीच, कारण मी आधीपासून तिचाच —

कडी वाजली. मी लावली होती. आतला हात माझाच आहे, मी कडी काढत नाहीये, मी फक्त तिला आत